लोखंड चाखणारा बाबली

बाबली कोचरेकर हा आमच्या वाडीतला रंगारी. निदान त्याच्या सायकलच्या मडगार्डवर तरी 'बी. कोचरेकर, पेंटर' असं लिहिलेलं आहे. पण बाबलीच्या हातात रंगाचा ब्रश पाहण्याचा योग फार थोड्यांच्या वाट्याला आलेला आहे. एरवी बघावं तेव्हा हा माणूस कुणाच्या तरी खिडकीसमोर उकिडवा बसून गज खरवडत असतो. चार दिवसांनी त्याच रस्त्याने जा, बाबली तिथेच, गज तोच, फक्त सावली फिरली म्हणून बसायची बाजू बदललेली. आठव्या दिवशी घरमालक रंगाचा डबा घेऊन त्याच्या मागे उभा असतो. डबा गजांसाठी आणला होता की बाबलीच्या डोक्यावर ओतण्यासाठी, हे त्याच्या चेहऱ्यावरून सांगता येत नाही.

"बाबली, रंग कधी?"

"रंग काय, रंग अर्ध्या दिसाचां काम," बाबली मान वर न करता सांगतो. "रंग कोणीव मारता."

हे 'कोणीव' तो अशा काही सुरात म्हणतो की जिल्ह्यातल्या समस्त रंगाऱ्यांनी शरमून ब्रश खाली ठेवावेत.

त्याचंही अगदीच खोटं नाही. आमच्या वाडीपासून समुद्र दीडशे पावलांवर. दुपारी बाराच्या सुमाराला वारा सुटतो तो मीठ घेऊनच येतो. वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी ओलसर लागतो, तळलेला पापड स्वयंपाकघरातून पडवीत येईपर्यंत मान टाकतो, आणि लोखंडाचं म्हणाल तर मे महिन्यात बसवलेल्या कोऱ्या गेटला चतुर्थीच्या पाहुण्याने हात लावावा आणि मेंदी काढल्यासारखे तांबडे तळवे घेऊन घरात यावं. अशा गंजावर आणि मिठावर नुसता रंग फासला, तर रंग वरच्या वर राहतो आणि गंज आतल्या आत आपला संसार वाढवतो. वर्षभरात रंगाला फोड येतात, फोडाला नख लावलं की खालून तांबडी भुकटी. बाबली याला 'मळक्या आंगार नवो सदरो' म्हणतो. म्हणून त्याच्याकडे आधी छिन्नीने खपल्या पाडायच्या, मग वायर ब्रश, मग पॉलिश पेपर, मग गोड्या पाण्याने धुवायचं, वाळवायचं, आणि सकाळचं दव सुकल्यापासून दुपारचा वारा सुटेपर्यंत जे तीन तास मिळतात तेवढ्यात प्रायमरचा पहिला लाल हात देऊन मोकळं व्हायचं, असा शिरस्ता.

इथपर्यंत कुणीही शहाणा रंगारी करील. त्याच्या पुढचा भाग मात्र एकट्या बाबलीचा. धुऊन वाळलेल्या लोखंडावरचं मीठ खरोखर गेलं की नाही, हे तो चाटून बघतो.

होय, जिभेने. डोक्यावरची टोपी काढून खिशात ठेवतो, डोळे मिटतो, आणि गजाला जिभेचं टोक लावून दोन क्षण तसाच थांबतो. मग निकाल. 'लोखंड' म्हणाला तर प्रायमरचा डबा उघडायचा. 'मीठ' म्हणाला तर घरमालकाने कपाळाला हात लावायचा, कारण पुन्हा धुणं आलं, पुन्हा वाळवणं आलं आणि उद्याची सकाळ आली. एकदा तारकर्लीला आलेल्या पर्यटकांनी त्याला एका बंगल्याचं गेट चाटताना पाहिलं आणि त्यांच्यातल्या एका बाईंनी पर्समधून बिस्किटाचा पुडा काढून अत्यंत करुणेने त्याच्यापुढे धरला. बाबलीने पुडा घेतला. काम झाल्यावर चहाबरोबर खाल्लाही.

ही विद्या त्याला गणपत मेस्त्रींनी दिली. तरुणपणी बाबली अकरा वर्षं मुंबईच्या गोदीत बोटींची पोटं खरवडत होता, तेव्हा गणपत मेस्त्री त्याचा मुकादम. गोदीत मीठ तपासायला कसल्याशा पट्ट्या आणि औषधं होती म्हणतात, पण ती साहेबाच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली साहेबाच्या घरी. गणपत मेस्त्रींची जीभ मात्र कायम हजर. त्यांनी बाबलीची जीभ तयार केली. तंबाखू बंद, कढत चहा बंद, आणि मिरचीचा ठेचा फक्त रविवारी. गावी परतला तेव्हा बाबलीने एक पत्र्याची ट्रंक आणि ही जीभ एवढंच आणलं, असं त्याची बायको काशीबाई सांगते. ट्रंक कधीच गंजून गेली, हे ती सांगत नाही. ते आम्ही चौकशी करून काढलं.

मागच्या वर्षी सरकारी दवाखान्यात त्याचं रक्त तपासलं आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शरीरात लोह कमी आहे. बाबलीने तिथेच हात जोडले. "बाय माझे, अख्ख्या मालवणचां लोखंड माझ्या तोंडातसून गेलां आणि तुम्ही म्हणतास कमी!" बाईंनी लोखंड चाटणं बंद करायला सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या. बाबलीने त्यातली एक चाखून पाहिली आणि हे लोखंड हलक्या प्रतीचं आहे असा शेरा मारून पुडी कोनाड्यात ठेवून दिली.

ही जीभ कामापुरती राहिली असती तर ठीक. पण तो तिला कुठेही घेऊन जातो. त्याची पुतणी पूजा हिच्यासाठी वेंगुर्ल्याकडचं एक स्थळ बघायला वडीलधारी मंडळी गेली होती. मुलगा चांगला, घर चांगलं, दारात हिरवंगार गेट. मंडळी आत पोहे खात असताना बाबली हात धुवायचं निमित्त करून बाहेर गेला आणि परत आला तो तोंड वाकडं करून. रिक्षात बसल्यावर म्हणाला, "गंजार रंग मारलेलो आसा. मधे प्रायमरचो थेंब नाय. ह्या घरात चेडू देव नको." पूजाच्या बापाने कपाळावर हात मारला. पुढे पूजाचं लग्न पिंगुळीच्या एका मुलाशी झालं आणि ती सुखात आहे. तेव्हापासून बाबली त्या लग्नाचं सगळं श्रेय आपल्या जिभेला देतो, आणि पिंगुळीच्या घराला गेटच नाही हे कुणी त्याच्या लक्षात आणून देत नाही.

तर अशा या जिभेवर गेल्या डिसेंबरात बालंट आलं. निमित्त झालं गुरुप्रसादच्या होमस्टेचं.

गुरुप्रसाद एकवीस वर्षं मुंबईत विम्याच्या कचेरीत होता. तिथून स्वेच्छानिवृत्ती घेऊन आला आणि वडिलांच्या माडाच्या बागेत, समुद्राच्या बाजूला, दोन मजली घर बांधलं. बाहेरून लोखंडी जिना, वरती लोखंडी कठड्याची गॅलरी. जिना आणि कठडा एक पावसाळा तसेच राहिले आणि व्हायचं ते झालं. वीस डिसेंबरला पुण्याचे पहिले पाहुणे येणार होते, त्यांनी गॅलरीत उभं राहून सूर्यास्त बघायचा होता, आणि त्यासाठी कठड्यावर कोपर टेकवल्याशिवाय चालत नाही. गुरुप्रसादने बाबलीला नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बोलावलं. माणूस हुशार. बाबलीसाठी तीन आठवडे हातात ठेवून बोलावलं.

गुरुप्रसादचा सगळ्यात मोठा अभिमान मात्र जिना नव्हे, बोअरवेल. स्वतः तो आणि त्याची बायको संचिता राहतात पलीकडच्या जुन्या घरात आणि पाणी पितात जुन्या विहिरीचं. पण पाहुण्यांना शॉवर लागतो म्हणून चतुर्थीनंतर नव्या घरामागे बोअर मारली. पाणी लागलं त्या दिवशी नारळ फोडला, सगळ्या वाडीला बोलावलं आणि पहिला पेला दिला बाबलीला. अशा प्रसंगी आमच्याकडे दुसऱ्या कुणाच्या जिभेला मान नसतो. बाबलीने टोपी काढली, डोळे मिटले, घोट घेतला आणि जाहीर केलं, "शहाळां!" टाळ्या पडल्या. गुरुप्रसादने रस्त्यावर पाटी लावली, 'चोवीस तास गोडे पाणी', आणि त्यानंतर उरलेलं बांधकाम, नवी हिरवळ, जास्वंदीचं कुंपण या सगळ्यावर मोटर दिवसभर चालू राहिली. हिरवळ महिन्याभरात पिवळी पडली. गुरुप्रसादने तिला खत घातलं.

बाबलीने आठ दिवस जिना आणि कठडा खरवडला. काम असं चोख की लोखंड पहिल्यांदाच आपल्या मूळ रंगात दिसलं आणि संचिताला ते इतकं आवडलं की ती म्हणाली, असंच ठेवूया. नवव्या दिवशी त्याने बोअरचा पाइप लावून सगळं धुतलं, वाळवलं आणि चाटलं.

"मीठ."

दहाव्या दिवशी धुतलं. मीठ. पॉलिश पेपर मारून बाराव्या दिवशी पुन्हा धुतलं. तेराव्या दिवशी सकाळी गुरुप्रसाद स्वतः शेजारी उभा राहिला. गुरुप्रसाद रागावला की मालवणी सोडून पुस्तकी मराठीत शिरतो, आणि त्या दिवशी तो चांगलाच आत शिरलेला होता.

"काका, मला एक सांगा. हे मीठ नक्की आहे कुठे? मला तर दिसत नाही."

"दिसलां असतां तर माका कित्याक बोलावलं असतंस?"

"आपण तीन वेळा धुतलं!"

"चार येळा धुवूक होया."

"काका," संचिता हळूच म्हणाली, "तुमका मधे ताप बीप येवन गेलो काय? तापान तोंडाची चव जाता. माका वायच आठवता, तुम्ही परवाच्या चायेक पण मीठ म्हणालात."

ती सहज बोलली. चहा तिने होमस्टेच्या नव्या स्वयंपाकघरात, नवा गॅस कसा चालतो बघायचं म्हणून केला होता, आणि बाबलीशिवाय तो कुणी प्यायलं नव्हतं. पण हे त्या क्षणी कुणाला सुचलं नाही. बाबलीच्या हातातला वायर ब्रश मात्र थांबला. इतक्या वर्षांत त्याला चेंगट म्हणणारे भेटले, खुळा म्हणणारे तर घराघरात होते, पण जिभेबद्दल कुणी शंका घेतली नव्हती.

दुपारपर्यंत वाडीत बातमी झाली की बाबलीची जीभ गेली. ज्यांना ज्यांना त्याने कधी महिना-महिना ताटकळत ठेवलं होतं त्या सगळ्यांना अचानक आठवलं की आपल्याला हे आधीपासूनच वाटत होतं. सदुसष्टाव्या वर्षी जीभ जाणारच, असं वयाचं गणितही कुणी मांडलं. आणि गुरुप्रसादने कणकवलीच्या सुशांतला फोन लावला.

सुशांतकडे फवारा मारायचं मशीन आहे. तो संध्याकाळी चार वाजता आला, गॉगल न काढता जिन्यावरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "एक नंबर आहे, सर. उद्या दुपारपर्यंत प्रायमर, रंग, सगळं मारून देतो."

"काका, उद्या सकाळी शेवटचं धुवा," गुरुप्रसाद म्हणाला. आवाज जरा नरमला होता. बाबली त्याच्या वडिलांचा दोस्त. "त्यानंतरही तुम्हाला मीठच लागलं, तर मात्र मला सुशांतला सांगावं लागेल."

बाबलीने मान डोलावली. "उद्या जर मीठ लागलां, तर तुझां बरोबर, गुरू. मगे माझी जीभ गेली म्हणान समज. परत कोणाच्या कामार मी येवचंय नाय."

असं म्हणून तो सायकल हातात धरून चालत घरी गेला. बाबली सायकलवर न बसता चालत गेला याची वाडीने नोंद घेतली.

दिवेलागणीला काशीबाईने त्याला पडवीत बसवलं, डोळ्यांना पंचा बांधला आणि पुढे तीन वाट्या ठेवल्या. ही तिचीच कल्पना.

"चाखा आणि सांगा."

"साखर," बाबली म्हणाला. "ही तुरटी. आणि ह्या मीठ. पण जाडां न्हय, पुडीतलां."

"बघा! सगळां बरोबर. जीभ खंय गेली?"

बाबलीने पंचा सोडला. "तू वाट्यो ठेवलंस तेवां आवाज इलो. साखरेचो आवाज येगळो येता. माका आधीच समाजलां."

"अवो, आवाजान साखर वळाखणारो माणूस, तेचो कान इतको बरो तर जीभ कित्याक जायत?"

"काशी, डोळ्यांक चष्मो गावता. कानाक यंत्र गावता. जिभेक काय गावता? माका दुसरां काय येता सांग. रंग तर कोणीव मारता."

एवढ्या वर्षांत हे वाक्य त्याने हजारदा म्हटलं असेल, पण या वेळी ते त्याने खाली बघत म्हटलं. काशीबाईने वाट्या उचलल्या. "जीभ गेलेलो माणूस इतकां बोलणा नाय," ती म्हणाली आणि आत गेली. पण त्या दिवशी जेवताना आमटीत मीठ बरोबर आहे का, हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाबली कामावर. पाइप लावून जिना वरपासून खालपर्यंत धुतला, कठडा धुतला, सांधे धुतले, पंच्याने पुसले. ऊन वर आलं. गुरुप्रसाद आणि संचिता अंगणात येऊन उभे राहिले. सुशांतने मशीन टेंपोतून उतरवून ठेवलं होतं आणि तो फोनवर बोलत होता. बाबलीने टोपी काढली, डोळे मिटले आणि कठड्याला जीभ लावली. दोन क्षणांचे चार झाले. मग त्याने एक पायरी उतरून जिन्याला लावली. मग आणखी एक पायरी.

तो खाली आला आणि छिन्नी, हातोडा, वायर ब्रश एकेक करून पिशवीत भरायला लागला. त्यावरून निकाल सगळ्यांना कळला.

एवढ्यात काशीबाई दहाची पेज घेऊन आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि डबा खाली ठेवला.

"पेज घेवा."

"नको."

"पाणी तरी घेवा. सकाळधरना तोंडात काय नाय."

"सकाळधरना तोंडात लोखंड आसा. तू जा घराक."

"लोखंडान पोट भरता काय?" काशीबाईने डब्याचं झाकण पाइपखाली धरून भरलं आणि त्याच्यापुढे केलं. त्याने मान फिरवली. भर उन्हात चालत आलेली बाई. तिने रागाने ते पाणी स्वतःच तोंडाला लावलं. आणि दुसऱ्याच क्षणी गुरुप्रसादच्या पिवळ्या हिरवळीवर पिचकारी मारली.

"शिरा पडो ह्या पाण्यार! ह्या खारां आसा!"

"खारां?" गुरुप्रसाद एका उडीत मालवणीत परत आला. "कसां खारां? बोअरचां पाणी ता!"

"बोअरचां आसांदे नायतर सायबाचां आसांदे. पिवन बघ."

गुरुप्रसाद ओंजळ भरून प्यायला आणि त्याचं तोंड पावट्याच्या शेंगेसारखं मिटलं. संचिताने एक थेंब जिभेवर घेतला, पदर तोंडाला लावला आणि तिला बहुतेक परवाचा चहा आठवला. सुशांतनेही बोट बुडवून पाहिलं. "जरासं आहे, सर," तो म्हणाला. "पण रंगाखाली गेल्यावर काय कळतंय?"

म्हणजे झालं होतं ते असं. दीड-दोन महिने मोटरने उपसून उपसून जमिनीतलं गोडं पाणी संपवलं होतं आणि त्या जागी हळूहळू समुद्र आत येऊन बसला होता. घरमालक जुन्या विहिरीचं पाणी पीत होते, बोअरचं पाणी पीत होती फक्त हिरवळ, आणि तिला बोलता येत नव्हतं. बाबली चार वेळा लोखंडावरचं मीठ मिठाच्या पाण्याने धूत होता, आणि दर वेळी त्याची जीभ त्याला तेच खरं खरं सांगत होती.

आता सगळे बाबलीकडे पाहायला लागले. आम्हाला वाटलं, हा उडी मारणार. पण बाबली हातातल्या ब्रशाकडे बघत राहिला. बाबलीने पाण्यावर कधीच संशय घेतला नव्हता, कारण ते पाणी गोड असल्याचा दाखला चतुर्थीनंतर त्याने स्वतःच दिला होता. उभ्या वाडीदेखत. अख्ख्या तालुक्याचं लोखंड चाटणाऱ्या माणसाने पायाशी वाहणारा पाइप एकदाही तोंडाला लावला नव्हता.

"तुम्हीच शहाळां म्हणालात," गुरुप्रसाद दुखऱ्या आवाजात म्हणाला.

"तेवां शहाळांच होतां," बाबली म्हणाला. "जिभेन खोटां सांगूक नाय. पण सर्टिफिकेट काय जल्माचां नसता, गुरू. दर म्हैन्याक चाखूक होयां होतां, ता मी केलंय नाय. चूक माझी." एवढं स्पष्ट बोलून झाल्यावर त्याला जरा बरं वाटलेलं दिसलं. "फाल्या सकाळी इहिरीच्या पाण्यान धुवूया. आता वारो सुटतलो."

सुशांतने मशीन टेंपोत चढवलं. जाता जाता गॉगल वर करून त्याने कठड्याला हळूच जीभ लावून पाहिल्याचं संचिता शपथेवर सांगते.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच जुन्या विहिरीवर रांग लागली. रांगेत गुरुप्रसाद, संचिता आणि काशीबाई, आणि कडेला उभे राहून सूचना करणारे आम्ही. गुरुप्रसादने चाळीस कळशा उचलल्या. विम्याच्या कचेरीत कमावलेलं पोट त्या दिवशी दोन बोटांनी तरी आत गेलं असावं. आठ वाजेपर्यंत धुणं आटपलं, नऊला जिना खडखडीत वाळला. प्रायमर ढवळून तयार. बाराला वारा येणार, म्हणजे तीन तास हातात.

बाबली कठड्यासमोर उभा राहिला. टोपी काढली. आणि नुसताच उभा राहिला.

पाच मिनिटं झाली. दहा झाली.

"काका?" गुरुप्रसाद म्हणाला.

बाबलीने काशीबाईला हाताने वर बोलावलं. गॅलरी काही फार उंच नाही, आणि आमचे कान चांगले आहेत.

"काशी, माका भय वाटता."

"आता कसलां? पाणी खारां होतां, तुमची जीभ खरी ठरली."

"ती मीठ म्हणाक खरी ठरली गो. पण आठवडोभर ती मीठच म्हणता. आता हंय मीठ नाय, आणि तरी ती मीठ म्हणाली तर? मगे? तू बघ पयली."

"मी? शी! माका काय खूळ लागलां? लोकां काय म्हणतली?"

"लोकां माका इतकी वर्सां म्हणततच आसत. एक दिस तुका म्हणतली."

काशीबाईने खाली पाहिलं. आम्ही सगळे एकदम माडांच्या शेंड्यांकडे बघायला लागलो. तिने पदर कमरेला खोचला, वाकली आणि कठड्याला जीभ लावली.

"काय लागता?"

"थंड लागता."

"थंड सोड. मीठ?"

"रवा जरा. जल्मात पयल्यांदा माझां मत इचारतास, वायच रवा." काशीबाईने आणखी एकदा जीभ लावली, मग शेजारच्या गजाला लावली, मग कोपऱ्यातल्या सांध्याला. बाबलीचा चेहरा बारावीच्या निकालासारखा झाला होता. "मीठ नाय," ती म्हणाली. "नुसतां लोखंड. आणि चव म्हणशात तर अगदीच बेकार. ह्यासाठी तुम्ही माझो ठेचो सोडलात?"

मग बाबलीने डोळे मिटले आणि काशीबाईने चाटलेल्या जागेच्या शेजारीच जीभ लावली.

"लोखंड," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की त्याने तो पुन्हा एकदा, मोठ्याने काढला. "लोखंड! अरे गुरू, बघतंस काय, ब्रश घे! संचिता, तू खालचे गज! बारा वाजूच्या आत सगळां लाल झालां पायजे!"

बारा वाजता वारा सुटला तेव्हा जिना वरपासून खालपर्यंत लाल होता, आणि गुरुप्रसादचा डावा कानही. पाहुणे वीसला आले आणि कठड्यावर कोपर टेकवून सूर्यास्त बघून गेले. आंघोळीला पाणी जुन्या विहिरीचं आलं. बोअरची मोटर बंद आहे. पावसाळ्यानंतर पुन्हा चाखून बघू, असं बाबली म्हणतो, पण दाखला द्यायला तयार नाही.

आणि कामावर आता तो एकटा जात नाही. त्या दिवसापासून त्याला दुसरी जीभ लागते. सकाळी सायकलच्या मागे काशीबाई, तिच्या मांडीवर पेजेचा डबा, आणि दांड्याला पिशवी. त्याने या टोकाला चाटायचं, तिने त्या टोकाला, आणि दोघांचं एकमत झाल्याशिवाय प्रायमरचा डबा उघडायचा नाही. सध्या आचऱ्याला शंकर नावाच्या एका लाँचवाल्याचं काम चालू आहे. काशीबाई चार दिवसांपूर्वीच 'लोखंड' म्हणाली, पण बाबलीला नांगराच्या साखळीजवळ किंचित शंका आहे. काल शंकरचा आम्हाला फोन आला. बिचारा विचारत होता, या दोघांतलं खरं कुणाचं धरायचं. मागे काशीबाईचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"अवो, धुवा मगे परत! पण पेज घेवन धुवा."